नळ फुटण्याआधी कसे ओळखावे? जुन्या इमारतींच्या पाइपांविषयी

सदाफुली
नमस्कार. आमची डोंबिवलीतील सोसायटी १९८९ सालची आहे. तळमजला आणि वर चार मजले, एकूण चोवीस सदनिका, आणि गच्चीवरच्या टाकीपासून घराघरांतल्या नळांपर्यंतचे बहुतेक पाइप मूळचेच, म्हणजे जी.आय.चे आहेत. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरील एका घरात मध्यरात्री भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपाचा कोपऱ्यावरचा वाकडा सांधा, फुटला आणि खालच्या घरातल्या आजींच्या अंथरुणावर पाणी गळू लागले. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि एकट्याच राहतात. सुदैवाने त्यांना काही इजा झाली नाही, परंतु त्या रात्रीपासून मला स्वस्थता नाही.

समितीत दोन मते आहेत. काहींच्या मते जिथे फुटेल तिथे दुरुस्ती करावी, तर काहींच्या मते सगळे पाइप एकदम बदलून टाकावेत. मला त्याआधीचा प्रश्न पडला आहे. पाइप एका रात्रीत म्हातारा होत नाही, तेव्हा फुटण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे तो काहीतरी सांगत असणारच. सचिव या नात्याने त्या खुणा मी ओळखायला हव्या होत्या. आपल्यापैकी कोणी अशा खुणा वेळेवर ओळखल्या असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

जलतरंग
सदाफुलीताई, मी पाणीपुरवठ्याच्या कामात एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जी.आय. म्हणजे लोखंडी पाइपावर जस्ताचा लेप. पाणी आधी जस्त खाते, आणि जस्त संपले की लोखंडाला गंज धरू लागतो. हा गंज सर्वत्र सारखा पसरत नाही. पाइपाच्या आतल्या बाजूला त्याच्या गाठी तयार होतात आणि पाण्याची वाट अरुंद होत जाते. सांध्यांवर आटे पाडलेले असल्यामुळे तिथे पाइपाची जाडी मुळातच कमी असते, म्हणून पहिली गळती बहुधा एल्बो, टी किंवा सॉकेटजवळच दिसते. तुमच्याकडे एल्बो गेला, यात मला नवल वाटले नाही.

आता खुणा. पहिली खूण नळाच्या धारेत असते. नळ उघडताच पहिला फवारा जोरात येतो आणि क्षणार्धात धार बारीक होते. पाणी स्थिर असताना गंजलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, म्हणून सुरुवातीचा जोर खोटा भरवसा देतो. पाणी वाहू लागले की अरुंद वाटेचा अडथळा जाणवतो. त्याचेच दुसरे रूप असे की स्वयंपाकघरातला नळ उघडला की न्हाणीघरातला शॉवर जवळजवळ बंद पडतो. पाइपाचा आतला व्यास निम्म्यावर आला, तर तेवढ्याच उंचीवरच्या टाकीतून येणारा प्रवाह निम्मा होत नाही, तो साधारण सहाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे पाणी कमी झाल्याचे लोकांना जाणवेपर्यंत आत बरेच काही होऊन गेलेले असते.

दुसरी खूण पाण्याच्या रंगात. पहाटे घरात कोणीही नळ उघडण्यापूर्वी पहिले पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्यावे. ते पिवळसर असेल आणि दोन-तीन मिनिटांत स्वच्छ होत असेल, तर रात्रभर ते ज्या पाइपात उभे होते, तो पाइप गंजलेला आहे. दिवसभर सारखेच पिवळे येत असेल, तर दोष टाकीत किंवा बाहेरून येणाऱ्या पाण्यात शोधावा. फक्त गरम नळाला रंग असेल, तर आधी गीझर उघडून पाहावा. हा फरक न कळल्यामुळे पाइप बदलूनही पाणी लालच राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

उंबरठा
जलतरंगकाका, सकाळच्या पाण्याची खूण अगदी खरी आहे. आमच्या मुलुंडच्या घरी आई रोज पहिली बादली बाजूला काढून झाडांना घालत असे. ते पाणी का काढते, असे आम्ही तिला कधी विचारले नाही. सात वर्षांनी पाइप कापला तेव्हा अर्ध्या इंची पाइपात पेन्सिलसुद्धा शिरत नव्हती.

हिशेबी
मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि थोडा विरोधी सूर लावणार आहे. पाइपाला पस्तीस वर्षे झाली, एवढ्याच कारणावरून तो बदलावा, हे मला मान्य नाही. आमची पुण्यातली इमारत १९८४ सालची आहे. व्हॉल्व्ह बदलताना आम्ही जी.आय. पाइपाचा एक तुकडा कापून पाहिला, तर आतली वाट जवळजवळ पूर्ण मोकळी होती. सभासदांचे लाखो रुपये केवळ भीतीपोटी खर्च करणे हेही चुकीचेच. आधी पुरावा असावा आणि मग निर्णय व्हावा.

जलतरंग
हिशेबी, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि आपण केलेली तपासणीच सर्वांत खात्रीची आहे. वय हा पुरावा नव्हे. पाणी कसे आहे, पाइप कोणत्या जाडीचा होता, तो उघड्यावर आहे की ओल्या कोब्यात पुरलेला आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. म्हणूनच मी सोसायट्यांना सांगतो की कोणतीही दुरुस्ती निघाली की कापलेला पाइप भंगारात देऊ नये. त्यावर जागा आणि तारीख लिहून तो कार्यालयात जपून ठेवावा. पाच वर्षांत असे आठ-दहा तुकडे जमतात आणि इमारतीच्या आत काय चालले आहे ते समोर दिसते. वार्षिक सभेत शंभर वाक्यांपेक्षा असा एक तुकडा अधिक पटतो.

जांभादगड
पाण्याचा विषय निघाला म्हणून रत्नागिरीचा अनुभव सांगतो. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीतले विहिरीचे पाणी चवीला उत्तम आणि साबणाला मऊ, परंतु ते किंचित आम्लधर्मी असते आणि लोखंडाला खाते. नवा जी.आय. पाइप दहा-बारा वर्षांत गळू लागल्याचे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे. खूण आम्हाला आधीच दिसत होती. वॉश-बेसिनमध्ये नळाचा थेंब जिथे पडतो, तिथे हिरवट-निळसर डाग पडला होता. तो नळाच्या पितळेतल्या तांब्याचा होता. घासून तो जात असे आणि महिन्याभरात पुन्हा येत असे. जे पाणी पितळ विरघळवते, ते लोखंडाला सोडणार नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात यायला हवे होते.

माळरान
आमच्या सोलापूरकडे याच्या नेमके उलट आहे. बोअरचे पाणी जड. पाइप गंजण्याऐवजी आत पांढऱ्या क्षाराचा थर बसतो, आणि गरम पाण्याच्या बाजूला तो फार लवकर बसतो. त्यामुळे आमची खूण अशी की एकाच मोरीतल्या दोन नळांपैकी गार नळाची धार चांगली आणि गरम नळाची मात्र करंगळीएवढी असते. इथे पाइप प्लॅस्टिकचा असला तरी हा त्रास सुटत नाही, हे लक्षात घ्यावे. टँकरवर चालणाऱ्या शहरी सोसायट्यांमध्येही हेच दिसते, कारण टँकरचे पाणी बहुतेक वेळा बोअरचेच असते.

तुळसवृंदावन
आतापर्यंत सर्व चर्चा येणाऱ्या पाण्याची झाली. जाणाऱ्या पाण्याकडेही पाहावे, अशी विनंती आहे. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि तिथल्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सांडपाण्याच्या पाइपांनी मला बरेच शिकवले.

बीडाचा पाइप बहुधा भिंतीकडच्या बाजूने चिरतो, कारण तिथे रंग पोहोचत नाही आणि ओल वाळत नाही. समोरून तो धडधाकट दिसतो. आमच्याकडे येणारे जुने मिस्त्री छोट्या हातोडीने पाइपावर हलकेच टकटक करत वर जात असत. चांगले बीड खणखणीत वाजते, तर सडलेले बद्द. घरात मडके विकत घेताना आपण जशी परीक्षा करतो, तशीच ही.

दुसरी खूण पिंपळाची. बाहेरच्या भिंतीवर सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्याजवळ पिंपळाचे किंवा उंबराचे रोप उगवले, तर ते केवळ पक्ष्यांनी बी टाकले म्हणून उगवलेले नसते. बी सगळीकडे पडते, परंतु रोप तगते ते जिथे बारा महिने ओल मिळते तिथेच. मे महिन्यात ते रोप हिरवेगार असेल, तर त्या सांध्यातून पाणी झिरपते आहे, अशी दाट शंका घ्यावी. मला विचाराल तर इमारतीच्या बाहेरून मे महिन्यात एक फेरी मारणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. पावसाळ्यात भिंतीवरचा प्रत्येक डाग पावसाच्या नावावर खपून जातो. एप्रिल-मे महिन्यात दिसणारी ओल, शेवाळ्याचा पट्टा किंवा रंगाचे पोपडे मात्र बहुधा पाइपाचेच असतात.

उंबरठा
मे महिन्यातल्या फेरीची कल्पना फार आवडली. आतल्या बाजूची माझी एक भर. शेजारच्या घरात फ्लश ओढला की आपल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघरातल्या जाळीखाली पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भागातून, गुडगुड आवाज येऊ लागणे. आमच्याकडे हा आवाज वर्षभर येत होता आणि आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. नंतर न्हाणीघरात दुर्गंधी आणि झुरळे येऊ लागली. हवेचा पाइप बंद पडला की वाहते पाणी ट्रॅपमधले पाणी ओढून नेते आणि गटारातल्या हवेला घरात यायला वाट मिळते, असे प्लंबरने समजावून सांगितले.

मीटरमास्तर
सदाफुलीताई, एक प्रयोग आजच रात्री करून पाहावा. गच्चीची टाकी भरून घ्यावी, पंप बंद ठेवावा आणि रात्री बारा वाजता टाकीतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. पहाटे चार वाजता पुन्हा मोजावी. चोवीस घरांचा रात्रीचा वापर थोडा असतो. पाणी त्या मानाने फारच उतरले, तर ते कुठेतरी वाहते आहे. जमिनीखालच्या टाकीसाठीही पालिकेचे पाणी येत नसताना हेच करावे.

आपल्या सोसायट्यांमध्ये गळती दिसत नाही, याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीतही आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर सर्वांमध्ये वाटली जाते. त्यामुळे एका डक्टमध्ये (पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) रोज हजार लिटर पाणी वाया गेले, तरी प्रत्येकाच्या बिलात फरक किरकोळ पडतो आणि कोणी चौकशी करत नाही.

परसदार
मी न्यू जर्सीत राहते. इथे घर विकत घेताना तपासनीस पाइप पाहतो, आणि त्याने मला चुंबकाची युक्ती शिकवली. रंग दिलेला पाइप कशाचा आहे ते कळत नसेल, तर चुंबक लावावा. चिकटला तर लोखंड. चिकटला नाही आणि नाण्याने खरवडल्यावर मऊ, चंदेरी चकाकी दिसली, तर शिसे. इथल्या नेवार्क शहरात पाण्यात शिसे आढळल्यानंतर २०१९ पासून तीन वर्षांच्या आत तेवीस हजारांहून अधिक जोडण्यांचे शिशाचे पाइप बदलण्यात आले. महाराष्ट्रातल्या घरांत शिशाचे पाइप सहसा नसतील, परंतु चुंबकाचा उपयोग तिथेही होईल. वेगवेगळ्या बिऱ्हाडकरूंनी आपापल्या सोयीने मधले तुकडे बदललेले असतात आणि कुठे लोखंड, कुठे प्लॅस्टिक आहे, याचा नकाशा कोणाकडेच नसतो.

तुळसवृंदावन
परसदार यांनी नकळत एका अत्यंत गंभीर मुद्द्याला हात घातला आहे. जुन्या इमारतींत अनेक ठिकाणी विजेच्या अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. मधला तुकडा प्लॅस्टिकचा झाला की ते अर्थिंग तुटते, आणि हे कोणालाही दिसत नाही. आमच्या नात्यातल्या एका घरी असे झाले होते. पाइप बदलून दोन महिने झाले आणि गीझर बिघडला, तेव्हा नळाला हात लावताच वहिनींना जोराचा झटका बसला. त्या वाचल्या. पाइपाला हात लावण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंगची खात्री करून घ्यावी आणि प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, असे मी हात जोडून सांगते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही खूणच आहे, आणि ती जाणवली तर त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

जलतरंग
तुळसवृंदावनताईंच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. अशीच, वाट न पाहण्याजोगी आणखी एक खूण सांगतो. पालिकेचे पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे ते गढूळ येत असेल किंवा त्याला वास असेल, तर तो विषय रंगाचा नाही, आरोग्याचा आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि त्याला भोक असेल, तर आजूबाजूच्या मातीतले किंवा चेंबरमधले घाण पाणी आत शिरते. क्लोरीन तपासण्याचा साधा संच बाजारात मिळतो. पिण्याच्या पाण्यात नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. टाकीत येणाऱ्या पाण्यात तो आहे आणि एखाद्याच घराच्या नळाला नाही, असे वारंवार दिसले, तर त्या पाइपाची तातडीने तपासणी करावी, आणि तोवर त्या घराने पाणी उकळून प्यावे.

हिशेबी
एवढ्या खुणा वाचल्यावर माझा सूर थोडा बदलला आहे, हे प्रांजळपणे सांगतो. तरीही खर्चाचा प्रश्न उरतोच. सामाईक पाइप, टाक्या आणि सांडपाण्याच्या बाहेरच्या पाइपांची दुरुस्ती सोसायटीने करायची आणि घरातली ज्याची त्याने, हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के जमवायचा असतो. अडचण अशी की १९८९ सालचा बांधकाम खर्च धरून जमवलेले पैसे आजच्या दरांपुढे अगदीच तोकडे पडतात. म्हणून खुणा लवकर ओळखण्याचा मोठा फायदा मला असा दिसतो की वर्गणी गोळा करायला दोन-तीन वर्षे मिळतात. पाइप फुटल्यावर प्लंबर सांगेल तो दर द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. त्याच वेळी पाइपांचीही पाहणी करून घेतली, तर वेगळा खर्च फारसा येत नाही. गळणारे पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोहोचले की सळी गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. संडासांच्या खालचे स्लॅब आधी खराब होतात ते याचमुळे.

माळरान
सर्व पाइप प्लॅस्टिकचे केले की चिंता मिटली, असे मात्र कोणी समजू नये. गच्चीवर उन्हात पडलेला पाइप काही वर्षांत पांढुरका होतो, बोट फिरवले की भुकटी लागते, आणि मग तो ठिसूळ होऊन सांध्यापाशी तडकतो. त्याला रंग द्यावा किंवा झाकावे. क्लॅम्प दूर दूर असतील आणि पाइप झोळीसारखा लोंबत असेल, तर तीही म्हातारपणाची खूण मानावी.

सदाफुली
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय केले, ते कळवते.

जलतरंगकाकांनी सांगितलेली धारेची खूण सर्वांना सारखी मोजता यावी, म्हणून पंधरा लिटरची एकच बादली आणि एकच घड्याळ घेऊन आम्ही तीन जणी घराघरांत गेलो. मजला बदलला की दाब बदलतो, म्हणून फक्त एकाच मजल्यावरच्या घरांची आपसांत तुलना केली. चौथ्या मजल्यावर रस्त्याकडच्या डाउनटेकवरील (गच्चीच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपावरील) घरांत बादली भरायला साधारण दोन मिनिटे लागली, तर मागच्या बाजूच्या डाउनटेकवर चार मिनिटे वीस सेकंद. सकाळचे पिवळसर पाणीही बरेचसे त्याच मागच्या बाजूच्या घरांत निघाले. ज्या घरातला एल्बो फुटला, ते घर त्याच डाउनटेकवर आहे. त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या की शॉवर बारीक होत असल्याची तक्रार त्यांनी दोन वर्षांपूर्वी तोंडी केली होती. ती कुठेही नोंदवलेली नाही. आता जिन्याखाली एक वही ठेवली आहे.

मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायला गेलो, तर तो फिरलाच नाही. तो बदलताना कापलेला तुकडा समितीच्या बैठकीत टेबलावर ठेवला. आतल्या वाटेत माझे करंगळीचे टोकही जात नव्हते. रस्त्याकडच्या डाउनटेकचा तुकडा मात्र बराच मोकळा निघाला. त्यामुळे दोन्ही मतांना अर्धा-अर्धा आधार मिळाला आणि वाद आपोआप थांबला. मागचा डाउनटेक आणि गच्चीवरचा लूप (टाकीपासून डाउनटेकांपर्यंत फिरणारा आडवा पाइप) आधी बदलायचा, रस्त्याकडचा दर सहा महिन्यांनी बादलीने मोजत राहायचे, आणि प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायचे, असे ठरले आहे. खालच्या आजींच्या छतातली ओल सुकली आहे. त्यांच्या घरचा नळ आम्ही सर्वांत आधी तपासला.

एक शंका उरली आहे. मागच्या भिंतीवर तिसऱ्या मजल्याच्या सांध्याजवळ खरोखरच पिंपळाचे रोप आहे. माळी म्हणतो की वरून छाटून टाकतो. तसे केले तर चालेल का?

तुळसवृंदावन
नुसते छाटू नये, सदाफुलीताई. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो आणि मूळ सांध्यात आणखी खोल शिरते. परांची बांधून झाल्यावर प्लंबरच्या हातूनच सांधा मोकळा करून मूळ शेवटच्या तंतूपर्यंत काढून घ्यावे, पाइपाचा तेवढा भाग तडकला आहे का ते हातोडीने वाजवून पाहावे, आणि मगच सांधा नव्याने भरावा. भिंतीतली फटही त्याच दिवशी बुजवून घ्यावी, म्हणजे परांची दुसऱ्यांदा बांधावी लागणार नाही.